जहाजावरच पुढची क्रूझ बुक करावी का? मायामी ते मायामी, आठ दिवसांचा हिशेब

निघण्याआधी

मार्ग नेहमीचा, पूर्व कॅरिबियनचा. शनिवारी मायामीहून निघायचं, रविवार-सोमवार समुद्र, मंगळवारी सेंट मार्टेन, बुधवारी सेंट थॉमस, गुरुवारी परत समुद्र, शुक्रवारी बहामातलं कोकोके बेट आणि शनिवारी सकाळी मायामी. जहाज रॉयल कॅरिबियनच्या ओएसिस वर्गातलं. अमेरिकेतली मराठी कुटुंबं स्प्रिंग ब्रेकला किंवा भारतातून आईबाबा आले की सर्रास ही सफर करतात. त्यातली बरीचशी उतरताना पुढच्या वर्षीचं बुकिंग खिशात घालूनच उतरतात. जहाजावर त्यासाठी ‘नेक्स्टक्रूझ’ नावाचा वेगळा डेस्क असतो. त्याचा फायदा होतो, पण गृहपाठ करून गेलेल्यालाच.

गृहपाठ तासाभराचा आहे. पुढे करायच्या दोन-तीन सफरी मनात धरा आणि वहीत किंवा फोनमध्ये प्रत्येकीच्या पाच गोष्टी उतरवा: जहाज व तारीख, केबिनचा प्रकार, मूळ भाडं, कर आणि बंदर शुल्क, आणि डिपॉझिट परत मिळणारं की न मिळणारं. मूळ भाडं आणि कर वेगळे लिहायचं कारण असं, की ‘३० टक्के सूट’, ‘दुसऱ्या प्रवाशाला ६० टक्के सूट’ या सगळ्या पाट्या फक्त मूळ भाड्याला लागतात. कर आणि बंदर शुल्क जिथल्या तिथे राहतं. एकूण आकडा तेवढा लिहून ठेवला तर डेस्कवर तुलना करताना गोंधळ उडतो. स्क्रीनशॉट काढून फोनमध्येच साठवा, कारण समुद्रात वाय-फाय विकत घ्यावं लागतं.

नेहमीचा ट्रॅव्हल एजंट असेल तर त्याला दोन प्रश्न आधीच विचारा. जहाजावर केलेलं बुकिंग तू तुझ्याकडे घेतोस का? आणि घेतलंस तर तुझ्याकडून काय मिळेल? एजंटला कंपनीकडून मूळ भाड्यावर कमिशन मिळतं. अनेक एजंट त्यातला वाटा ग्राहकाला ऑनबोर्ड क्रेडिट, म्हणजे जहाजावर खर्च करायची रक्कम, म्हणून परत देतात.

पहिला दिवस, शनिवार: मायामी

टर्मिनलवर पोचायची वेळ कंपनीच्या ॲपमध्ये आधी निवडलेली असते, ती पाळा. चढल्यावर आधी सुरक्षा कवायत उरकून टाका. ॲपवर व्हिडिओ पाहायचा आणि आपल्या मस्टर स्टेशनवर (आणीबाणीत जमायच्या जागी) जाऊन कार्ड स्कॅन करून घ्यायचं, इतकंच. शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर मुख्य डायनिंग रूमच्या हेड वेटरला याच संध्याकाळी गाठा. दुसऱ्या दिवसापासून डाळ-भाजीची सोय तो आदल्या रात्री विचारून करतो.

मग नेक्स्टक्रूझ डेस्कवर एक चक्कर. आज काही बुक करायचं नाही, फक्त वेळ घ्यायची: रविवारी किंवा सोमवारी सकाळची एक, गुरुवारी सकाळची एक. पहिल्या दिवशी तिथे शुकशुकाट असतो आणि शेवटच्या समुद्र-दिवशी रांग. बहुतेकांचा घोळ इथेच होतो. गुरुवारी दुपारी सुचतं, रांगेत तासभर जातो, समोरच्याला पंधरा मिनिटांत गिऱ्हाईक संपवायचं असतं आणि मग छापलेल्या अटी न वाचताच सही होते.

दुसरा दिवस, रविवार: समुद्र

पहिली बैठक. सी-पास कार्ड (जहाजावर खोलीची किल्ली आणि खर्चाचं खातं दोन्ही हेच) आणि लॉयल्टी क्रमांक, म्हणजे कंपनीच्या नेहमीच्या प्रवाशांच्या योजनेतला सभासद क्रमांक, घेऊन जा. लॉयल्टीत एका रात्रीला १ गुण, सुइटमध्ये २. ३ गुणांना गोल्ड, ३० ला प्लॅटिनम, ५५ ला एमराल्ड, ८० ला डायमंड. राहण्याचा देश आणि राज्यही विचारतात, कारण ऑफर त्यावर बदलतात. ठाण्याहून आलेल्या आईबाबांचा आणि न्यू जर्सीत राहणाऱ्या मुलाचा निवास-देश वेगळा, हे बोलण्याच्या सुरुवातीलाच सांगून टाका.

समोरची व्यक्ती गोड बोलते आणि तिला मार्ग, जहाजं, केबिन यांची उत्तम माहिती असते. तिचा उपयोग जरूर करून घ्यावा, मात्र तिचं काम विक्रीचं आहे हे विसरू नये. आजच्या बैठकीत चार गोष्टींची उत्तरं कागदावर मागायची.

सगळ्यात आधी डिपॉझिट. ७ रात्रींच्या सफरीला नेहमीचं डिपॉझिट माणशी २५० डॉलर असतं, जहाजावर कधीकधी ते कमी करतात. ते परत मिळणारं आहे का, हा प्रश्न रकमेपेक्षा महत्त्वाचा. स्क्रीनवर पहिला जो स्वस्त भाव दिसतो तो बहुधा परत न मिळणाऱ्या डिपॉझिटचा असतो. या प्रकारात तारीख किंवा जहाज बदललं की माणशी १०० डॉलर कापले जातात. अंतिम रक्कम भरण्याच्या मुदतीआधी रद्द केलं तरी कापून उरलेलं रोख हातात येत नाही, पुढच्या सफरीचं क्रेडिट म्हणून मिळतं आणि त्याला वापरायची मुदत असते.

दुसरं, क्रेडिट. ‘तुम्हाला शंभर डॉलर क्रेडिट’ या वाक्यात बरंच काही गुलदस्त्यात राहतं. माणशी की केबिनला? या सफरीच्या खात्यावर की पुढच्या? न वापरलेलं परत मिळतं की शेवटच्या रात्री बुडतं? रक्कम सफरीच्या रात्री आणि केबिनचा प्रकार पाहून ठरते, खिडकी नसलेल्या केबिनला कमी आणि सुइटला जास्त. त्यामुळे शेजारच्या टेबलावर ऐकलेला आकडा आपल्याला लागू होईलच असं नाही.

तिसरं, भाव उतरला तर. अंतिम रक्कम भरेपर्यंत त्याच सफरीचा भाव खाली आला, तर बुकिंग नव्या भावात बदलून घेता येतं. पण नवा भाव म्हणजे नवी ऑफर, आणि जुन्या ऑफरमधले फायदे त्यात गळू शकतात. जहाजावर मिळालेलं क्रेडिट टिकेल का, हे आजच विचारा.

चौथं, एजंटचं नाव. आत्ताची सफर ज्याच्याकडून घेतली, त्याच्याच नावावर नवं बुकिंग जाणं हा सर्वसाधारण प्रघात आहे. दुसऱ्याकडे न्यायचं असेल किंवा थेट कंपनीकडे ठेवायचं असेल तर तसं आधी सांगावं लागतं.

आता हिशेब. आकडे नमुन्याचे आहेत, दोघांसाठी, बाल्कनी केबिन, ७ रात्री.

समजा मूळ भाडं माणशी १,००० डॉलर, कर आणि बंदर शुल्क माणशी १८०. दोघांचे २,३६० झाले. हा भाव घरून, वेबसाइटवर आणि डेस्कवर सहसा सारखाच असतो. जहाजावर भाडं स्वस्त मिळतं असा समज आहे, तो बहुतेक वेळा खोटा ठरतो. तिथे मिळतं ते वरचं क्रेडिट, समजा केबिनला १०० डॉलर. एजंट मूळ भाड्याच्या ६ टक्के परत देत असेल तर २,००० वर १२० झाले. म्हणजे घरी बसून एजंटकडून घेतलं तर १२०, जहाजावर घेऊन कंपनीकडेच ठेवलं तर १००, आणि जहाजावर घेऊन कंपनीने दिलेल्या मुदतीत एजंटच्या नावावर वळवलं तर २२०. शेवटचा मार्ग सोडून बाकी दोन्हींत फारसा फरक नाही.

आणि २२० डॉलर म्हणजे किती? रॉयल कॅरिबियनवर साध्या केबिनची रोजची टिप माणशी १८.५० डॉलर धरू. ७ दिवसांचे दोघांचे २५९ होतात. म्हणजे सगळं जुळवून आणलं तरी टिपसुद्धा पूर्ण भागत नाही. एवढ्यासाठी नको असलेली तारीख पकडणं वेडेपणाचं आहे.

परत मिळणाऱ्या डिपॉझिटचा भाव समजा माणशी ६० डॉलरने चढा, म्हणजे दोघांचे १२० जास्त. परत न मिळणाऱ्यात तारीख एकदा जरी हलली तरी २०० गेले. तारीख हलण्याची शक्यता ६० टक्क्यांहून जास्त वाटत असेल तर महाग भाव स्वस्त पडतो. तारीख पक्की असेल, म्हणजे शाळेची सुट्टी ठरलेली, रजा मंजूर, सगळ्यांचे पासपोर्ट-व्हिसा ठीक, तर स्वस्त भाव घ्या.

सगळ्या कंपन्यांची रीत एक नाही. प्रिन्सेसमध्ये माणशी १०० डॉलर भरून ठेवायचे आणि जहाज-तारीख नंतर निवडायची, अशी पद्धत वर्षानुवर्षं चालत आली आहे. मन ठरत नसेल त्यांना ती बरी. रॉयल कॅरिबियनवर मात्र सफर निवडूनच बसावं.

तिसरा दिवस, सोमवार: समुद्र

आजचा दिवस पायी फिरण्याचा, आणि जहाजावर बुक करण्याचा खरा फायदा आज कळतो. ओएसिस वर्गात सहा जहाजं आहेत: ओएसिस, अल्यूर, हार्मनी, सिम्फनी, वंडर आणि युटोपिया. बारीकसारीक फरक सोडले तर मजल्यांची रचना सारखी. पुढची सफर यांपैकी दुसऱ्या जहाजावर असेल, तर आपल्याला मिळू घातलेली केबिन कुठे येते ते आजच चालून पाहता येतं. वेबसाइटच्या नकाशावर हे कळत नाही.

उदाहरणार्थ, १४ व्या मजल्यावरची केबिन. नकाशात ती सोयीची वाटते, पोहण्याचे तलाव एकच जिना वर. पण १५ वा मजला म्हणजे तलावाचा डेक. तिथे भल्या पहाटे फरशी धुतात आणि आराम-खुर्च्या ओढून रांगेत लावतात. लोखंडी पायांचा खरखराट खालच्या केबिनच्या छतातून सरळ कानात येतो. सकाळी सहाच्या सुमारास १४ व्या मजल्याच्या बोळात दोन मिनिटं उभं राहिलं की निर्णय होतो. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असलेला मजला शांत, हा ठोकताळा लक्षात ठेवा. ६ व्या मजल्यावरच्या बोर्डवॉककडे (जहाजाच्या आतल्या उघड्या रस्त्याकडे) तोंड असलेल्या बाल्कन्या स्वस्त दिसतात. रात्री ॲक्वाथिएटरचा, म्हणजे पाण्यातल्या कसरतींचा, खेळ सुरू असताना तिथे जाऊन वर बघा, म्हणजे त्या बाल्कनीत बसून काय ऐकू येईल याचा अंदाज येईल. ८ व्या मजल्यावरच्या सेंट्रल पार्क या बागेकडच्या बाल्कनीतून झाडं दिसतात, समुद्र दिसत नाही. आईबाबांना समुद्रच बघायचा असेल तर पैसे वाचवायच्या नादात ही घेऊ नका.

चौघांचं कुटुंब एकाच केबिनमध्ये राहणार असेल तर लवकर बुकिंगला खरोखर अर्थ आहे. चार जणांच्या केबिन मोजक्या असतात आणि सुट्टीच्या आठवड्यांत त्याच आधी संपतात. दोघांना शेवटच्या क्षणीसुद्धा काहीतरी मिळून जातं, चौघांना नाही. ‘गॅरंटी’ प्रकारची केबिन स्वस्त, पण क्रमांक कंपनी देते. वर सांगितलेली पाहणी तिथे वाया जाते.

आठ किंवा जास्त केबिन घेऊन मंडळाने किंवा मित्रपरिवाराने जायचं ठरत असेल तर जहाजावर एकेकाने बुक करू नका. त्याला गटाचं बुकिंग म्हणतात, त्याचे भाव आणि फायदे वेगळे, आणि आधी सुटी घेतलेली केबिन नंतर गटात ओढून आणणं कटकटीचं काम आहे.

महिना निवडताना अटलांटिकचा वादळी हंगाम ध्यानात घ्या: १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यात ऑगस्टचा मध्य ते ऑक्टोबर हा जोराचा काळ. सप्टेंबरचे भाव बघून मोह होतो. वादळ आलं की जहाज सहसा सुरक्षित मार्गाने जातं, पण ठरलेली बंदरं बदलतात आणि त्यासाठी भाडं परत मिळत नाही.

आता सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट: व्हिसा. वर्ष-दीड वर्षानंतरची तारीख पकडताना त्या दिवशी पासपोर्टवरचा शिक्का जिवंत असेल का, हे बघितलंच जात नाही. शिक्का संपलेला असताना ३० दिवसांपर्यंत बाहेर जाऊन परत येण्याची अमेरिकेची जी सवलत आहे, ती एच-१बी वाल्यांना फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती मिळते. कॅरिबियन बेटांची मुभा एफ (विद्यार्थी) आणि जे (एक्स्चेंज) व्हिसावाल्यांना आहे. एच-१बी शिक्का संपलेला माणूस सेंट मार्टेनला जाऊन आला तर मायामीत अडकू शकतो. आईबाबांच्या आय-९४ वरची (अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल त्या नोंदीवरची) तारीखही सफर संपल्याच्या पुढची हवी. इथे शंका असेल तर परत मिळणारंच डिपॉझिट घ्या, नाहीतर आज बुकच करू नका.

चौथा दिवस, मंगळवार: सेंट मार्टेन

डेस्क बंदराच्या दिवशी थोडाच वेळ उघडा असतो. आज तिकडे फिरकू नका. धक्क्यावरून फिलिप्सबर्ग चालत वीसेक मिनिटं, नाहीतर पाण्यातली टॅक्सी. माहो किनाऱ्यावर विमानं डोक्यावरून उतरतात, ते बघायचं तर परतीच्या ट्रॅफिकसाठी हाताशी तासभर जादा ठेवा. डच भागात ३१ मार्च २०२५ पासून कॅरिबियन गिल्डर हे नवं चलन आहे, पण डॉलर सगळीकडे चालतात. घड्याळाची गंमत लक्षात ठेवा: हिवाळ्यात हे बेट मायामीच्या एक तास पुढे असतं, उन्हाळ्यात बरोबर. फोन आपोआप वेळ बदलतो, जहाज बदलेलच असं नाही. परतायचं जहाजाच्या घड्याळाने.

पाचवा दिवस, बुधवार: सेंट थॉमस

भाव पडताळायचा दिवस हाच. सेंट थॉमस अमेरिकेच्या ताब्यात आहे, १९१७ साली डेन्मार्ककडून विकत घेतलेलं, त्यामुळे बहुतेक अमेरिकन फोन प्लॅन इथे रोमिंगशिवाय चालतात. जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क फार महाग पडतं. समुद्रात फोन एअरप्लेन मोडवर ठेवून इथे उतरल्यावरच तो चालू करा. उतरण्याआधी परदेशी पासपोर्टवाल्यांची तपासणी होऊ शकते, त्यामुळे पासपोर्ट तिजोरीतून काढून हाताशी ठेवा.

शार्लट अमाली या इथल्या मुख्य गावात कुठेतरी सावलीत बसून तीन गोष्टी करा. रविवारी डेस्कने लिहून दिलेला भाव आणि वेबसाइटवरचा आजचा भाव, त्याच तारखेचा, त्याच प्रकारच्या केबिनचा, त्याच डिपॉझिटचा, शेजारी ठेवून बघा. एजंटला मेसेज टाका: हा भाव, हे क्रेडिट, तू काय देतोस? आणि त्या तारखांची विमानभाडी बघा. मायामीपर्यंतचं चौघांचं विमानभाडं सुट्टीच्या आठवड्यात इतकं चढतं, की केबिनवर वाचवलेले शंभर डॉलर कुठे गेले ते कळतही नाही.

मग मेगन्स बे या किनाऱ्यावर जा. अमेरिकेत गाडी डाव्या बाजूने चालवतात ती फक्त यूएस व्हर्जिन बेटांवर, आणि सेंट थॉमस त्यांतलंच, त्यामुळे भारतातून आलेल्या बाबांना घरच्यासारखं वाटेल.

सहावा दिवस, गुरुवार: समुद्र

डेस्कपुढे रांग लागलेली असेल. आपली सकाळची वेळ आधीच घेतलेली आहे. भाव पडताळलेला, एजंटचं उत्तर आलेलं, केबिन पायी बघितलेली. वीस मिनिटांत काम होतं, आणि त्यातली दहा मिनिटं नावांवर घालवावीत.

मराठी नावांचा इथे हमखास घोळ होतो. बऱ्याच पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, आडनाव वेगळ्या रकान्यात. डेस्कवरचा माणूस मधलं नाव कधी आडनावाला चिकटवतो, कधी गाळतो. बुकिंगवर ‘सुनंदा रमेश’ हे पहिलं नाव आणि ‘कुलकर्णी’ आडनाव, असं पासपोर्टप्रमाणे अक्षरन्‌अक्षर आलं पाहिजे. स्क्रीन आपल्याकडे वळवायला सांगून वाचा. जन्मतारीखही बघा, कारण अमेरिकेत महिना आधी लिहितात: ०४/०७ चा ४ जुलै आहे की ७ एप्रिल?

सही करण्याआधी छापील कागदावर या गोष्टी दिसल्याच पाहिजेत: डिपॉझिटचा प्रकार शब्दांत, क्रेडिटची रक्कम, अंतिम रक्कम भरायची तारीख (५ किंवा जास्त रात्रींच्या सफरीला ९० दिवस आधी), एजंटकडे वळवण्याची मुदत. तोंडी मिळालेल्या वचनाला घरी पोचल्यावर काही किंमत नाही. कॉल सेंटर फक्त बुकिंगवर लिहिलेलं वाचतं. डिपॉझिट क्रेडिट कार्डवर वेगळं लागतं की सी-पास खात्यावर चढतं, हेही विचारा, म्हणजे शनिवारी बिल बघून दचकायला होणार नाही.

आणि अजून मन डळमळत असेल तर उठून या. पंधरा डेक फिरून, आइस्क्रीम खाऊन, सूर्यास्त बघून माणूस ज्या मूडमध्ये असतो त्याच मूडवर हा डेस्क चालतो.

सातवा दिवस, शुक्रवार: कोकोके

जहाज धक्क्याला लागतं, उतरून मजा करायची. ओएसिस लगून हा मोठा तलाव आणि किनारे फुकट, वॉटरपार्क आणि कोको बीच क्लबला वेगळे पैसे.

संध्याकाळी ॲपमध्ये खातं उघडून चालू सफरीचं क्रेडिट किती उरलंय ते बघा. परत न मिळणारं उरलं असेल तर आज रात्री संपवा: टिप आधी भरली नसेल तर ती त्यातून वळती होते, नाहीतर दुकानातून काही घ्या. रात्री उशिरा गेस्ट सर्व्हिसेसपुढे रांग लावण्यापेक्षा जेवणाआधी जा.

आठवा दिवस, शनिवार: मायामी

बॅगा उचलायच्या, इमिग्रेशन, बाहेर. टॅक्सीत बसल्याबसल्या बुकिंगची पीडीएफ आणि वळवणीचा फॉर्म एजंटला पाठवून द्या. ‘घरी गेल्यावर निवांत’ म्हणणाऱ्यांची मुदत निघून जाते, आणि एकदा गेली की एजंट काही करू शकत नाही. अंतिम रक्कम आधीच भरून टाकली तरीही बहुधा वळवता येत नाही, तेव्हा उत्साहाने सगळे पैसे भरू नका.

फोनच्या कॅलेंडरमध्ये दोन नोंदी टाका. एक, सफरीच्या १०० दिवस आधीची: जायचं नक्की आहे का, पासपोर्ट-व्हिसा, रजा. दुसरी, दर पंधरा दिवसांनी भाव बघण्याची. भाव उतरलेला दिसला की त्याच दिवशी एजंटला कळवा, आणि नवा भाव घेण्याआधी त्याला एकच विचारा: जहाजावरचं क्रेडिट राहतंय का? भाव ८० ने उतरला आणि क्रेडिट १०० चं गेलं, तर जुनं बुकिंगच बरं.